हरल्याचा पेढा

रिसोड
दि. १० नोव्हेंबर १९७४

दोस्त इंद्रभान यास सैफुद्दीन टेलरचा मनापासून सलाम. विनंती विशेष.

इकडे सर्व खुशाल. तुझी माय बरी आहे. गुडघा दुखते म्हणते, पण बाजारात माझ्यापुढं चालते. देवमन दिवसा तेलाच्या गिरणीत जाते अन् संध्याकाळी मैदानात. तुझा भाऊ काही उंच व्हायचा नाही आता, पण बॉल त्याच्या हातात गेला का बँकेत गेला असं समज. आमचा चांद माझ्या मशीनवर बसायले लागला. त्याची शिवणही वाकडी अन् किकही वाकडी, पण जोर आहे पोट्ट्यात. कमरुन्निसा तुले दुवा सांगते अन् कामठीच्या पाण्यानं तू बारीक झाला का म्हणून विचारते.

मागच्या इतवारी मालेगावचे पोट्टे खेळायले आले ते एक गडी कमी घेऊनच. आपण रीतीप्रमाणं आपला एक दिला. त्यानं आपल्यावरच गोल मारला. मग मालेगाववाले त्याले रीतीप्रमाणं घरी पोचवायले आले, चहा पिले अन् हसत हसत गेले. म्हणजे सितारा क्लब तू सोडून गेला तसाच आहे.

आता कामाची गोष्ट. वाशीमच्या फुटबॉल टुर्नामेंटच्या कमिटीनं नवं खूळ काढलं. पुढच्या सालपासून म्हणे फक्त मोठ्या क्लबांले बोलावणं जाईल. लहान क्लबांनी आधी आपसात झुंजायचं अन् त्यातला एखादा वर यायचा. मी सेक्रेटरीले जाऊन विचारलं का बावा, सितारा सोळा वर्षांपासून येऊन राह्यला, आमी मोठे का लहान? तो चष्मा पुसत म्हणाला का ते यंदाच्या खेळावरून ठरेल. शेवटच्या चारात आले तं मोठे. नाही आले तं पाहू.

तुले वाटन, याच्यात एवढं काय. अरे लेका, आपल्या पोट्ट्यांले सालभर तेच एक असते. वाशीमचं बोलावणं बंद झालं तं अर्धे पत्ते कुटायले बसतील अन् अर्धे सनीमाच्या तंबूत. तू अन् मी शाळेत असतानी फाटक्या ब्लॅडरात चिंध्या भरून हा क्लब काढला. तो माझ्या डोळ्यादेखत बसला तं संध्याकाळी मी जाऊ कुठं?

तू कामठीत राह्यतो. तिथं म्हणे न्हावीसुद्धा दाढी करतानी ऑफसाइड समजावून सांगते. तं जाणत्या माणसाइले विचार का क्लब मोठा कशानं होते, अन् मले लिहून पाठव. जे कमी असन ते आपण करू.

दोस्ती ताजी ठेव. उत्तराले उशीर करशील तं तुझ्या पँटीचं माप मी विसरून जाईन.

तुझा
सैफुद्दीन

•

कामठी
दि. २४ नोव्हेंबर १९७४

प्रिय सैफ्या यास इंद्रभानचा सप्रेम जय भीम. विनंती विशेष.

तुझं पत्र पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मिळालं. कमरुनभाभींना सांग, मी बारीक झालेलो नाही. इथलं पाणी चांगलं आहे, खानावळ वाईट आहे.

तुझ्या सांगण्याप्रमाणे आठवडाभर विचारत फिरलो. घरमालक म्हणाले, ज्याच्या मैदानाला स्वतःची भिंत आहे तो क्लब मोठा. आमच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, कप ठेवायला काचेचं कपाट पाहिजे. तो मला त्याच्या क्लबात कपाट दाखवायला घेऊन गेला. कपाट होतं, काच फुटलेली होती आणि आत कोंबडी अंड्यावर बसलेली होती. न्हाव्याचं मत असं पडलं की, अध्यक्षाकडे मोटार नसली तर क्लब कितीही जिंको, लहानच. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की, बाहेरून खेळाडू आणता आले म्हणजे क्लब मोठा झाला. त्यावर दुसरा म्हातारा त्याच्या अंगावर धावून गेला. मी तिथून निघालो.

सायकलवाला बाबूसिंग पूर्वी इथल्या एका नावाजलेल्या क्लबात हाफला खेळायचा. तो म्हणाला की, ज्याला हरवल्यावर समोरच्या गावात पेढे वाटतात तो मोठा क्लब, बाकीचे नुसते क्लब. मला हे जरा बरं वाटलं. पण आपल्या कामाचं नाही. सिताराला हरवल्यावर कोणी फुटाणे वाटल्याचंही मला आठवत नाही.

थोडक्यात, यांचं यांनाच नक्की माहीत नाही. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. पोरांकडून धावणं करून घे. देवमन डाव्या बाजूला अजून उशिरा पडतो का? लहानपणापासून त्याची ती खोड आहे. त्याला सांग, चेंडूकडे पाहू नये, मारणाऱ्याच्या पायाकडे पाहावं.

माईकडे अधूनमधून चक्कर टाकत जा. लोभ आहेच, त्याला नव्यानं काय लिहायचं.

तुझा
इंद्रभान

•

रिसोड
दि. ८ डिसेंबर १९७४

दोस्त इंद्रभान यास सैफुद्दीनचा सलाम. विनंती विशेष.

तुझं पत्र मी मैदानात सगळ्यांपुढं वाचलं. कोंबडीपाशी आल्यावर पोट्टे लोळून हसले. पण मी ठरवलं का एकेक गोष्ट करून पाहायची.

भिंत तं होत नाही. कपाटाले काच आहे, कप नाही. अध्यक्ष मात्र झाला. कापसाच्या अडतवाले पंजाबराव स्वतः म्हणाले का सितारासाठी आपण काहीतरी करू. त्याइच्याकडे मोटार आहे, तुझ्या न्हाव्याले कळव. त्याइनं फाट्यावर क्लबाचा बोर्ड लावला. त्यावर सितारा बारीक अक्षरात अन् पंजाबरावांचं नाव जाड अक्षरात आहे, पण रंग चांगला आहे. जर्स्या नागपूरहून तयार आणल्या. इतके वर्षं क्लबाच्या जर्स्या माझ्या मशीनवर शिवल्या, तं मले जरासं लागलं. पण कापड झकास आहे, खोटं कायले बोलू.

आता तुझ्याकडे एक काम. कामठीतला एखादा उंचापुरा गोलकीपर टुर्नामेंटपुरता पाठव. पंजाबरावांचं म्हणणं असं का मोठ्या क्लबाचा गोलकीपर दुरून दिसला पाहिजे. देवमन मेहनती आहे, त्याले कोणी नाव ठेवत नाही. पण तो गोलात उभा राह्यला का गोल रिकामा दिसते, असं ते म्हणतात. देवमन टीमसंगच राहील, जर्सी त्यालेही मिळेल. फक्त बसन बाहेर.

मी त्याले सांगितलं. तो बरं म्हणाला अन् चुन्याचा डबा घेऊन मैदानाच्या रेघा मारायले गेला. तू हे मनावर घेऊ नको. शेवटच्या चारात जाणं भाग आहे, हे तुले माझ्याइतकंच समजते.

नाराज असशील तं शिव्या देऊन लिही, पण लिही.

तुझा
सैफुद्दीन

•

कामठी
दि. १७ डिसेंबर १९७४

श्रीयुत सैफुद्दीन, सेक्रेटरी, सितारा फुटबॉल क्लब, रिसोड यांस सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

आपले पत्र पावले. मागणीप्रमाणे गोलकीपर श्री. गुलाबसिंग यांस टुर्नामेंटच्या आधी दोन दिवस पाठवीत आहे. ते उत्तम खेळतात. उंची भरपूर आहे. दुरून दिसतील. त्यांस सकाळी दूध लागते, ती व्यवस्था आपल्या अध्यक्षांनी करावी.

देवमनविषयी मला काही म्हणायचे नाही. टीम आपली आहे.

आपल्या क्लबास यश चिंतितो. कळावे.

आपला
इंद्रभान

•

रिसोड
ता. ५ जानेवारी १९७५

चि. इंद्रभान यास माय केशरबाईचा लई लई आशीर्वाद, जय भीम.

मी सांगून राह्यली अन् शेजारची हेमला लिहून राह्यली. अक्षर चांगलं आहे पोरीचं, चुकी असन तं माही समज.

बाबू, तुव्हं पत्र आलं नाही म्हनून जीवाले घोर लागला. सैफुद्दीनच्या तोंडून समजलं का तू त्याले श्रीयुत म्हनून लेयलं. तो ते पत्र घेऊन आल्ता. दारातच उभा राह्यला, आत ये म्हनलं तं आला नाही. म्हने, माय, मले श्रीयुत म्हनून राह्यला तुव्हा पोरगा. लेकरावानी तोंड करून गेला. तवापासून चहाले आला नाही. त्याच्या वाट्याची कपबशी मी रोज धुते, उगाच.

देवमन गिरणीतून येते, जेवते, मैदानात जाते. मी म्हनलं, तुले खेळाले घेत नाही तं कायले जातं? तं म्हने, रेघा कोन मारन? तो बापावर गेला, राग गिळते. तू माह्यावर गेला, राग लेयते.

मले फुटबालातलं काही समजत नाही. पन तुमी दोघं लहान होते तं एकाच ताटात जेवत होते, हे मले समजते. त्याच्या अम्मीनं माह्या बाळंतपनात रात काढली, हेबी समजते. क्लब मोठा हो का लहान हो, तुमी कायले लहान होता?

स्वेटर घालत जाय. हेमला म्हनते कागद सरला, म्हनून इथंच थांबते. जपून राह्य.

तुही माय
केशरबाई

•

रिसोड
दि. २८ जानेवारी १९७५

इंद्रभान यास सैफुद्दीनचा सलाम. विनंती विशेष.

तू श्रीयुत लिही का महाराज लिही, हे पत्र तुले वाचावंच लागन, कारण वाशीमला काय झालं ते दुसरा कोणी सरळ सांगणार नाही.

पहिला सामना आपण जिंकलो. गुलाबसिंग भला माणूस आहे, दूध पिऊन पहाडासारखा उभा राह्यला. दुसरा सामना जऊळक्यासंग. तो जिंकला का शेवटच्या चारात, म्हणजे मोठे. जऊळक्याची टीम म्हणजे तुले माहीत आहे, स्टेशनवरचे हमाल अन् शेतातले पोट्टे. पंजाबरावांनी आधीच हार आणून मोटारीत ठेवले होते.

जऊळकेवाले पॅसेंजरनं उतरले ते दहाच. त्याइच्या गोलकीपरले गोवर निघाला, एवढ्या मोठ्या बाप्याले! त्याइचा कप्तान ग्यानबा सकाळपासून एकेका क्लबाच्या तंबूत जाऊन एक गडी मागत फिरला. एकानं सांगितलं का आमचे गडी दमतील. एकानं सांगितलं का नियमात पाहावं लागन. बँकेच्या टीमवाल्याइनं त्याले बसायलेही सांगितलं नाही. शेवटी तो आमच्याकडं आला. ज्याइच्यासंग खेळायचं त्याइच्याकडंच!

मी खाली बसून बॉलची दोरी आवळून राह्यलो होतो. तोंडात दोरीचं टोक होतं. ग्यानबा म्हणाला का सैफूभाई, एक गडी कमी आहे. अन् मी वरती न पाहता, सोळा वर्षं सांगत आलो तसंच सांगितलं का घे ना बावा, जो बसला असन तो घेऊन जा.

बसलेला एकच होता. देवमन.

दोरी तोंडातून पडली तवा समजलं, पण तोवर ग्यानबा त्याले हाताले धरून घेऊन गेला होता. कमिटीवाल्याइनं मले विचारलं का तुमची हरकत आहे काय. पंजाबराव माझी बाही ओढून राह्यले होते. मी म्हणलं, हरकत नाही. दिलेला गडी वापस कसा मागू? आपल्या मैदानात कोणी मागितला आहे कधी?

पंजाबराव तिकडं जाऊन देवमनच्या कानाशी लागले. काय बोलले ते मले ऐकू आलं नाही, पण समजलं. देवमननं तिथून माझ्याकडं पाह्यलं. मी इकडून ओरडलो का जिकडून उभा तिकडचा, नीट खेळ. पंजाबरावांनी माझ्याकडं असं पाह्यलं का मी त्याइच्या कापसाच्या गंजीले आग लावली.

पुढचं थोडक्यात सांगतो. जऊळक्यानं अर्ध्या वेळाच्या आधी एक गोल केला. गुलाबसिंगची चुकी नाही, काळ्या मातीचं ढेकूळ मधी आलं अन् बॉल उडून खांद्यावरून गेला. त्यानंतर सगळा खेळ त्याइच्या गोलापुढं. आमी मारून राह्यलो, देवमन धरून राह्यला. पोटानं, छातीनं, एकदा तं तोंडानं. गोल रिकामा दिसत होता रे बावा, पण रिकामा नव्हता. शेवटी आपल्याले पेनल्टी मिळाली. मारायले आमचा चांद. माझं पोट्टं मारणार, तुझा भाऊ अडवणार, अन् मी मधी उभा. तुले खरं सांगतो, कोणासाठी दुवा मागावी हे मले समजेना, म्हणून मी खाली पाह्यलं. मग आवाज झाला. वरती पाह्यलं तं चांद डोकं धरून बसला होता अन् देवमन बॉल पोटाशी घेऊन डाव्या बाजूले आडवा पडला होता.

तू विचारलं होतं ना, डाव्या बाजूले उशिरा पडते का. नाही पडत.

म्हणजे आपण हरलो. कमिटीच्या हिशेबानं आता लहान. पंजाबरावांनी तिथंच अध्यक्षपद सोडलं अन् जर्स्या पोट्ट्यांच्या अंगावरून उतरवून घेतल्या. हार मोटारीतच वाळले असतील. आमी सगळे बनियनवर यष्टीत बसून आलो, दात वाजत होते. फाट्यावरचा बोर्डही दुसऱ्या दिवशी गेला. घरी येऊन मी रडलो. कमरुन्निसानं विचारलं का कोण गेलं? मी म्हणलं क्लब गेला. ती म्हणाली, दिलेला गडी तरी वापस आला का? मी म्हणलं नाही, त्याले जऊळकेवाले गावात दाखवायले घेऊन गेले.

तो दुसऱ्या दिवशी आला. एकटा नाही, अख्खी टीम त्याले पोचवायले आली, वाशीमवरून गाडी बदलून, रीतीप्रमाणं. आधी तुझ्या मायच्या घरी चहा पिले. मग माझ्या दुकानात घुसले. मी मान खाली घालून काज करून राह्यलो होतो. ग्यानबानं सरळ माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी चावत चावत विचारलं का कोणाले पोरगा झाला काय. तो म्हणाला का पोरगा कायचा, काल जऊळक्यात स्टेशनापासून मशिदीपर्यंत पेढे वाटले, सिताराले हरवलं म्हणून!

मले तुझा बाबूसिंग आठवला. पेढा अर्धा तोंडात, अर्धा घशात. आता थुंकू का गिळू, सांग? गिळला. चांगला होता.

देवमनसाठी आज नवी जर्सी कापली. माप बुटकं आहे, कापड उरलं. त्यातून तुझ्यासाठी रुमाल होईल, पण श्रीयुत काढल्याबिगर पाठवणार नाही.

दोस्ती शिल्लक असन तं दोन ओळी टाक.

सैफुद्दीन

•

कामठी
दि. ९ फेब्रुवारी १९७५

प्रिय सैफ्या, लेका, जय भीम. विनंती विशेष.

रुमाल पाठव.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि पार्सलं तशीच पडू दिली. मग बाबूसिंगकडे नेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की पेढे खव्याचे होते की नुसत्या साखरेचे. हे तू लिहिलेलं नाहीस. खव्याचे नसतील तर म्हणे तो विचार करून सांगेल. गुलाबसिंग परत आला आहे. तुमच्या ढेकळांना त्यानं सात पिढ्या शिव्या दिल्या, पण देवमनचं नाव निघालं की त्याचा आवाज खाली येतो. तो पोरगा बुटका आहे हे आपल्याला सामना संपेपर्यंत दिसलंच नाही, असं तो म्हणतो.

मी तुझ्यावर फार रागावलो होतो, सैफ्या. भाऊ माझा म्हणून तर होतंच. पण देवमनला बाहेर बसवणारा तू, हे जास्त लागलं. आता राग नाही. ज्या तोंडानं तू त्याला देऊन टाकलंस, त्याच तोंडानं नीट खेळ म्हणून ओरडलास. मी तिथं असतो तर मला ते जमलं नसतं. मी बहुतेक पंजाबरावांच्या बाजूनं बाही ओढली असती.

माईचं पत्र कालच आलं, हेमलाच्या अक्षरात. तू पुन्हा चहाला यायला लागलास, साखर जास्त मागतोस, असं कळलं. आणखीही एक कळलं. मागच्या रविवारी मालेगावचे पुन्हा एक गडी कमी घेऊन आले. तू पुन्हा मान खाली घालून, जो बसला असेल तो घेऊन जा, म्हणालास. देवमन नव्या जर्सीची बटणं लावत बसलेला होता. आपण पुन्हा हरलो.

लहान क्लबांच्या झुंजी दिवाळीनंतर आहेत असं ऐकतो. मी रजा मागून ठेवली आहे. पहिल्या फेरीपासून तिथंच राहीन, रेघा मी मारीन. कोणी गडी मागायला आला तर खुशाल दे. आपल्याकडे मागायला येतात, ते येत राहू देत. फक्त गोलकीपर देऊ नकोस, लेका. द्यायचाच झाला तर चांदला दे. पेनल्टी तर तो नाहीतरी आपल्याच माणसाच्या हातात मारतो.

भाभींना नमस्कार. लोभाचं काय लिहू, तू तर तोही कोणी मागितला तर देऊन टाकशील. थोडा माझ्यासाठी ठेव.

तुझाच
इंद्रभान